साक्षीला आपलीच माणसे

४ मार्च १९७० रोजी मॉस्कोत झालेल्या एका पत्रकार परिषदेविषयी मी पहिल्यांदा वाचले, तेव्हा तिथे इस्रायलवर काय टीका झाली यापेक्षा ती करायला कोणाला बसवले होते, याकडेच माझे लक्ष गेले. दूरचित्रवाणीवरून देशभर दाखवल्या गेलेल्या त्या परिषदेत ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब दोनदा मिळवलेले जनरल डेव्हिड द्रागुन्स्की होते, विनोदी नट अर्काडी रायकिन होते आणि मॉस्कोतल्या प्रसिद्ध बोल्शोई नाट्यगृहाची नर्तकी माया प्लिसेत्स्काया होती, सगळे ज्यू. प्लिसेत्स्कायाच्या वडिलांना याच राजवटीने १९३८ मध्ये गोळ्या घातल्या होत्या. काही दिवसांतच मॉस्कोतल्या ३९ ज्यूंनी या मंडळींना जाहीर पत्राने उत्तर दिले आणि त्याखाली स्वतःच्या नावानिशी सह्या केल्या, हे धाडस मला त्या परिषदेहून अधिक बोलके वाटते.

ज्यूंनी देश सोडू नये म्हणून, इस्रायलला जाऊन पस्तावलेल्यांची पत्रे सोव्हिएत वर्तमानपत्रे आवर्जून छापत असत. ती सगळीच बनावट होती असे मी म्हणणार नाही. आपल्या कोकणातून गेलेले काही बेने इस्रायली तिथल्या भेदभावाला कंटाळून १९५२ मध्ये भारतात परतले होतेच आणि त्यांतले काही पुढे पुन्हा तिकडे गेले. मात्र त्यांना जाऊन, पाहून मत बदलण्याची मोकळीक होती. सोव्हिएत वाचकाच्या हाती फक्त पश्चात्तापाची पत्रे पडत, सुखाने स्थिरावलेल्यांची नव्हे.

समजावणी आणि धमकी यांतले अंतर किती कमी होते, हे २२ जानेवारी १९७७ रोजी दूरचित्रवाणीवर दाखवलेल्या ‘आत्म्यांचे खरेदीदार’ या माहितीपटातून दिसते. देश सोडण्याची परवानगी मागणाऱ्या ज्यू कार्यकर्त्यांना त्यात परकीयांचे हस्तक ठरवले होते आणि त्यांच्या नावांबरोबर घरचे पत्तेही दाखवले होते. रात्री बातम्या पाहणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना आता अमक्या मजल्यावर कोण ‘शत्रू’ राहतो ते ठाऊक झाले. त्यांपैकी अनातोली श्चारान्स्की यांना १५ मार्चला अटक झाली, पुढच्या वर्षी तेरा वर्षांची शिक्षा झाली आणि सुटका व्हायला फेब्रुवारी १९८६ उजाडला.

एप्रिल १९८३ मध्ये सोव्हिएत जनतेची झायोनवादविरोधी, म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राच्या चळवळीला विरोध करणारी, समिती स्थापन झाली. अध्यक्ष अर्थातच द्रागुन्स्की. ताटातूट झालेल्या कुटुंबांना एकत्र आणण्याचे काम जवळजवळ संपले आहे, म्हणजे ज्यांना जायचे होते ते गेले, असे या समितीने जूनमध्ये जाहीर केले. त्याच वेळी परवानगी नाकारले गेलेले हजारो लोक, ज्यांना ‘ओत्काझनिक’ म्हणत, वर्षानुवर्षे ताटकळत होते. आता जायची इच्छाच कोणाला उरली नसेल, तर त्यांचे मन वळवायला समिती कशाला हवी, हा साधा प्रश्न तिथे विचारायची सोय नव्हती. १९७९ मध्ये ५१,००० हून अधिक ज्यूंनी देश सोडला होता आणि १९८४ मध्ये ९०० देखील बाहेर पडू शकले नाहीत. ही घट प्रचाराची नसून बंद केलेल्या दाराची होती. ते दार पुढे उघडले आणि एकट्या १९९० मध्ये सोव्हिएत संघातून सुमारे १,८५,००० माणसे इस्रायलला पोहोचली, तेव्हा द्रागुन्स्की हयात होते.