१९ पुश-अप, त्यातले खरे ४

कॉलेजच्या शारीरिक क्षमता चाचणीत मी एका मिनिटात १९ पुश-अप काढले आणि खूश होऊन उठलो. सरांनी वहीत लिहिलं ४. "छाती खाली गेली तेवढेच धरले," म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली. बीपच्या तालावर २० मीटर ये-जा करायची शटल रन तिसऱ्या पातळीलाच आटोपली. पुल-अपच्या बारवर तर मी नुसता लोंबकळलो.

पुढची चाचणी १२ आठवड्यांनी होती. जिमला ना वेळ, ना पैसे. म्हणून खोलीतच, आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास: पुश-अप, बैठका, प्लँक (कोपरांवर शरीर ताठ धरून थांबायचं) आणि शेवटी बर्पी (खाली बसून पाय मागे फेकायचे, परत उठून उडी मारायची). मोठ्यांनी स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस सांगते. मी एक दिवस जादा धरला, कारण एखादा बुडणार हे ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी जोशात शंभर बैठका मारल्या. दोन दिवसांनी जिना कठडा धरून, आडवा आडवा उतरत होतो. मित्र म्हणाले लॅक्टिक ॲसिड. ते तर व्यायामानंतर तासा-दीड तासात निघून जातं. हे दुखणं सवय नसलेल्या ताणामुळे स्नायूंना झालेल्या बारीक इजेचं, आणि ते एक ते तीन दिवसांत टिपेला पोचतं. तो आठवडा गेलाच.

मग मुकाट गुडघे टेकून पुश-अप सुरू केले. साध्या पुश-अपमध्ये हातांवर शरीराचं साधारण दोन-तृतीयांश वजन येतं. गुडघे टेकले की निम्म्याच्या जवळपास. म्हणजे डंबेल नसले तरी वजन कमी-जास्त करता येतं. पुढे जमायला लागल्यावर खाली जाताना मनात तीन मोजायचो, नंतर पाय खुर्चीवर ठेवले. तेच शरीर, पण एकदम जड.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण पुश-अप ९. आरशात मात्र काडीचा फरक नाही. सुरुवातीची ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची असते: आहेत त्याच स्नायूंमधले जास्त तंतू एका वेळी कामाला लावायला शरीर शिकतं. दंड भरायला त्याहून वेळ लागतो. माझ्याबरोबर सुरू केलेल्या रूममेटने इथेच सोडलं; तो रोज आरसा बघायचा, मी वही. मध्ये परीक्षेमुळे दहा दिवस खाडा पडला, तरी आकडा एकानेच घसरला.

दुसऱ्या चाचणीत १७ पुश-अप, सगळे धरले गेले. शटल रन पाचव्या पातळीपर्यंत. श्रेय बर्पीचं असावं, ज्यांना मी १२ आठवडे शिव्या घातल्या. बसून पायाच्या बोटांना हात लावायच्या चाचणीत जैसे थे, कारण स्ट्रेचिंग मी रोज उद्यावर टाकत होतो.

आणि पुल-अप? शून्य. चिडलो, मग वही चाळली. तीन महिने मी फक्त ढकलत होतो. खेचायचा एकही व्यायाम त्यात नव्हता, कारण जमिनीला धरून खेचायचं काय! पाठ आणि दंडाचा पुढचा भाग जवळपास रिकामाच बसला होता.

सध्या अभ्यासाच्या टेबलाखाली उताणा पडून, कडा धरून, छाती वर खेचतो. टेबल हलतं, म्हणून तेवढा वेळ रूममेट त्यावर बसून वाचतो.