पंधरा म्हणाले, चौदा निघाले

मॉप म्हणजे काय ते आधी सांगते. लादी पुसायचा नव्हे. गॉजचे थर शिवून केलेला, हातरुमालाएवढा चौकोन, एका कोपऱ्याला नाडीची शेपटी. पोट उघडल्यावर आतडी वर सारून धरायला हेच मॉप आत बसवतात. शेपटीला आर्टरी फोर्सेप, म्हणजे पकडीचा चिमटा, लावून ती बाहेर लोंबत ठेवायची, कारण रक्तात भिजलेला मॉप आतल्या आत कुठे मिसळून जाईल सांगता येत नाही. म्हणून मोजणी: सुरू करताना, पोट शिवायच्या आधी आणि कातडीच्या टाक्यांआधी पुन्हा. पाकीट पाचाचं.

विकतच्या चांगल्या मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा निळा धागा असतो. आमचे मॉप घरचे. मावश्या दुपारी शिवतात, पाच-पाच बांधतात आणि ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायला, पाठवतात. धागा नाही, म्हणजे मॉप हरवला तर एक्स-रे काढून उपयोग शून्य. धाग्याच्या मॉपसाठी मी दोनदा लिहून दिलं. तेवढ्यात ऑपरेशन थिएटरबाहेरच्या पॅसेजला ग्रॅनाइट बसलं.

त्या दिवशीची तिसरी केस गर्भाशय काढायची, गाठी मोठ्या. स्पायनलखाली, म्हणजे भूल पाठीच्या कण्यातून, पेशंट काकू जाग्या.

आमच्या भिंतीवर जागतिक आरोग्य संघटनेची २००८ सालची चेकलिस्ट लावलेली आहे. मुद्दे १९, थांबे तीन: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी, पेशंट बाहेर नेण्याआधी. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत, त्यात दिल्लीचंही एक, ती वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं, असं प्रशिक्षणात सांगितलं तेव्हा मी भारावले होते. आणि आमच्याकडे? सगळे टिकमार्क सकाळीच होतात. ते मीच करते. ‘मोजणी बरोबर’ या चौकटीतसुद्धा, पेशंट टेबलावर यायच्या आधी. टीममधल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं, असाही त्यात एक मुद्दा आहे. त्याला आम्ही हसतो. एकमेकांना ओळखत नाही का आपण?

गाठ सोडवताना रक्त सुटलं. “मॉप, मॉप!” तिसरं पाकीट फोडलं. मी सुई चढवत होते, म्हणून माझ्या शेजारी हात धुऊन उभ्या असलेल्या शिकाऊ मुलीनं पाकिटाची नाडी सोडली. मी न बघताच फ्लोअर सिस्टरला ओरडून सांगितलं, “आणखी पाच, एकूण पंधरा.” तिनं फळ्यावर लिहिलं.

पोट शिवायच्या वेळी चौदा.

आमच्या सरांचे हात सोन्याचे आहेत, कानांबद्दल तसं म्हणता येत नाही. “नीट मोजा सिस्टर. मी आत काही ठेवलेलं नाही.” बादली उपडी करून मॉप पाच-पाचाच्या ओळीत पसरले. चौदा. कपड्यांचा ढीग झटकला, टेबलाखाली पाहिलं, वॉर्डबॉय मामांनी सगळ्यांच्या चपलांचे तळ बघितले. चौदाच. सरांनी हात पुढे केला, “सुई.” मी दिली नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

पडद्यापलीकडून काकूंनी विचारलं, “काय हरवलं हो?”

“काही नाही काकू, हिशेब चाललाय,” भुलीच्या मॅडम म्हणाल्या, आणि मग सरांना हळूच, “स्पायनल आता फार वेळ पुरणार नाही.”

सरांनी चडफडत हात आत घातला. ओटीपोट, दोन्ही कडा, वर यकृताखाली. दोनदा. काही नाही. तेव्हा ती मुलगी बोलली, इतकं हळू की मॅडमनी परत विचारलं. “तिसऱ्या पाकिटात चारच होते.”

“मग आधी बोलायला काय झालं होतं?” सर गरजले. तिनं त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

सकाळच्या केसला ती म्हणाली होती, पेशंटच्या नाकात चमकी तशीच आहे. कॉटरी, म्हणजे विजेवर रक्त थांबवायचं यंत्र, वापरायची असेल तर चमकी काढायलाच हवी, म्हणजे मुलगी बरोबर होती. मी म्हटलं होतं, “चिकटपट्टी लावलीय, दिसत नाही? केस चालू असताना तोंड बंद.”

मॅडमनी तिला नाव विचारलं. चार महिने माझ्या हाताखाली होती, आणि नाव मी त्या दिवशी धड ऐकलं. आम्ही तिला ‘ए मुली’ म्हणायचो.

सरांनी तिसऱ्यांदा पाहिलं आणि पोट शिवलं. मी रजिस्टरात लिहिलं, ‘एक पाकीट चाराचं.’ इन्चार्ज म्हणाल्या, कशाला लिहिलंस, तपासणीला हेच दाखवावं लागतं.

रात्री झोप लागली नाही. मुलगी सुटायला म्हणून बोलली असेल तर? सकाळी त्याच ड्रममधली उरलेली पाकिटं उघडली. पाच. पाच. पाच. सहा.

हायसं वाटलं, ते जेमतेम मिनिटभर. मग डोक्यात आलं की हे पाकीट माझ्या ट्रॉलीवर आलं असतं तर? मी न बघता “पाच” म्हणाले असते, सहावा आत राहिला असता, आणि मोजणी बरोबर जुळली असती. सुई मी लगेच दिली असती. असं पाकीट या एकोणीस वर्षांत कधी आलंच नसेल, हे कशावरून? सहाचं पाकीटही रजिस्टरात लिहिलं. या वेळी इन्चार्जना विचारायला थांबले नाही.

काकू टाके काढायला आल्या, तब्येत उत्तम. मला बघून हसल्या. “सिस्टर, त्या दिवशीचा हिशेब लागला का हो?”

“लागला,” मी म्हटलं.