सोबत्याचं तिकीट

"अहो दादा, सोबत्यालाही सवलत असते. तुम्ही पूर्ण भाडं का भरताय?"

आज सकाळी रेल्वे तिकिटाच्या रांगेत मागच्या बाईंनी विचारलं. माझा एक हात हिच्या व्हीलचेअरवर, दुसऱ्यात पैसे.

हिच्या पक्षाघाताला अडीच वर्षं झाली. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र काढलं, फोल्डरमध्ये जपून ठेवलं. पण एकट्याने प्रवास न करू शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के सवलत, सोबत्यालाही तेवढीच, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. फक्त सरकारी डॉक्टरांचा रेल्वेच्या नमुन्यातला दाखला हवा.

बाईंनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. नवऱ्यासाठी सात वर्षं धावपळ करून भरलेली. एका पानावर लाल पेनाने लिहिलं होतं: 'आयकर, कलम ८० डीडी, अपंग अवलंबिताला सांभाळणाऱ्याला ७५ हजार वजावट. ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व, सव्वा लाख. जुनी करपद्धत.' माझी दोन रिटर्न्स त्याशिवायच गेली.

मी फोटो काढेपर्यंत हिने आपल्या चांगल्या हाताने ते पान दाबून धरलं.

तेव्हापासून एकच घोळतंय. अपंगत्वाचा दाखला हातात देताना कुणी दोन मिनिटं बसवून हे सांगितलं असतं तर?

तुमच्या घरी अशी वही आहे का? असेल तर एक पान इथे लिहाल?