चिप बदलली, कपॅसिटर बदलला, आणि दोषी निघाला ग्लू

पेटला! काल रात्री, बाहेर धो धो पाऊस पडत असताना, माझ्या पाणवनस्पतींच्या टाकीवरच्या लाइटचा एसएमपीएस (घरच्या २३० व्होल्टचे २४ व्होल्ट डीसी करणारा सप्लाय) पहिल्या फटक्यात चालू झाला. आउटपुट २४.१ व्होल्ट. पावसाचं मुद्दाम सांगतोय, कारण सगळी गोम तिथंच होती.

टाकीचं पाणी बदलताना पाइप निसटून खालच्या कॅबिनेटमध्ये, एसएमपीएसवर पाणी गेलं, तेव्हापासून लाइट दुपारच्या उघडिपीत लागायचा आणि रात्री ढिम्म. फ्यूज, ब्रिज, मॉस्फेट ठीक. मोठ्या कपॅसिटरवर ३२० व्होल्ट. पण यूसी३८४२ च्या (एसएमपीएस चालवणारी कंट्रोल चिप) ७ नंबर पिनवर, म्हणजे तिच्या सप्लायच्या पिनवर, व्होल्टेज ११ ला अडकायचं, आणि ही चिप जागी व्हायला १६ लागतात. चिप बदलली, तेच. पिनवरचा ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलला, तेच. (ऑनलाइन आलेल्या कपॅसिटरांपैकी एक मीटरवर ३१ दाखवत होता. यापुढे पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबापाशी जाऊन मोजूनच घेणार.) चिपला सुरुवातीचा करंट देणारे, स्टार्टअपचे दीडशे-दीडशे केचे (किलोओहम) दोन्ही रेझिस्टर काढून तपासले, तेही बरोबर. चार रात्री यात गेल्या.

शेवटी चिप आणि कपॅसिटर दोन्ही काढून रिकाम्या पॅडवर मीटर लावलं. तिथं काही दिसायलाच नको, तर २२ के! म्हणजे करंट कुठूनतरी गळत होता. हेअर ड्रायर मारला तसा आकडा चढला: ४०, ९०, ३००. तासाभरानं पुन्हा खाली. मग नजर गेली कपॅसिटर चिकटवायच्या पिवळ्या ग्लूवर. इथं तो तपकिरी पडला होता, आणि त्याच पिनला जोडलेल्या शेजारच्या डायोडचा पाय आणि ग्राउंडची उघडी जंपर दोन्ही त्यात बुडालेले. टूथपिकनं खरवडला तर दोन्ही हिरवेगार. स्टार्टअपमधून येतो जेमतेम १ मिलिअँपिअर, त्यातला निम्मा इथूनच पळत होता. हवा दमट झाली की ग्लू ओल धरायचा.

बोर्ड धुताना नुसतं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) वापरू नका. आपल्या पाण्यात खताचं पोटॅशियम नायट्रेट असतं, ते आयपीएत विरघळत नाही. आधी बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणि टूथब्रश, मग आयपीए, मग पूर्ण वाळवणं. पहिला सप्लाय शंभर वॉटच्या सिरीज बल्बमधूनच (वाटेत जोडलेला जुना तारेचा बल्ब) द्या, आणि बोर्डला हात लावण्याआधी मोठा कपॅसिटर डिस्चार्ज झालाय हे मीटरनं बघा.

कपॅसिटरला आधार म्हणून न्यूट्रल सिलिकॉन लावणार आहे. टाकीच्या काचा जोडायचं व्हिनेगरच्या वासाचं नको, त्यातलं आम्ल तांबं खातं.

त्यावर ओल अडवणारं कोटिंग मारून एसएमपीएस परत कॅबिनेटमध्ये बसवायचा विचार होता. पण लिहिता लिहिता हिशेब केला: ४ अँपिअर, ३ मीटर अंतर, दीड स्क्वेअर एमएमची वायर, म्हणजे जाऊन-येऊन ०.३ व्होल्टचा ड्रॉप. एवढाच असेल तर २३० व्होल्ट टाकीखाली ठेवायचेच कशाला? एसएमपीएस भिंतीवर, टाकीपासून लांब, आणि वायरीला खाली झोळ, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथंच गळून पडेल.

टाकीतल्या रोटालाची (एक पाणवनस्पती) खालची पानं गळलीत, पण आज दुपारी शेंड्यांवरून बुडबुडे सुटायला लागले. छाटणी रविवारी, वायरिंग झाल्यावर.