पटाईत

कौशल्य सांगणाऱ्या शब्दांची मराठीत वाण नाही. निष्णात, पारंगत, तरबेज, वाकबगार, सराईत अशी कितीतरी नावे सहज घेता येतील. तरीही माझा ओढा पटाईत या शब्दाकडे आहे, कारण त्यात कौतुक आणि संशय एकाच वेळी नांदतात.

हा शब्द मुळात शस्त्राचा. भाला चालवणारा तो भालाईत, तसा पटा म्हणजे दांडपट्टा चालवणारा तो पटाईत. प्रतापगडच्या 1659 च्या प्रसंगात जिवा महालाने ज्याला अडवले, तो सय्यद बंडा असाच पट्टा चालवण्यात नावाजलेला होता. या शस्त्राचे लांब, लवचीक पाते कोपरापर्यंतच्या लोखंडी खोबळ्याला जोडलेले असते आणि आतली आडवी मूठ धरली की मनगट जखडले जाते; त्यामुळे सगळा फिरवा खांद्यातून आणि पायांच्या हालचालीतून काढावा लागतो, आणि अंदाज चुकला तर पाते स्वतःलाच लागण्याची भीती असते. असे हत्यार सफाईने फिरवणाऱ्याचे नाव पुढे कोणत्याही कामातल्या वाकबगार माणसाला मिळाले, यात नवल नाही. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला खरा, पण भाषेने त्याचा मान त्याआधीच राखला होता. (पट्टाईत वाघ मात्र अंगावरच्या पट्ट्यांमुळे, त्याचा या तलवारबाजीशी संबंध नाही.)

आजच्या वापरात पटाईतच्या आधी बहुधा ‘-ण्यात’ येते: पोहण्यात पटाईत, झाडावर चढण्यात पटाईत. इथवर निखळ स्तुती आहे. पण थापा मारण्यात, काम टाळण्यात, उसने घेतलेले पैसे विसरण्यात माणूस पटाईत असतो, तेव्हा तरबेजही चालेल, निष्णात मात्र केवळ उपरोधानेच. शल्यविशारद निष्णात असतो. त्याला मानपत्रात पटाईत म्हटले, तर सभागृहात खसखस पिकेल. उलट टोकाला सराईत आहे. वर्तमानपत्रांनी त्याला गुन्हेगाराशी इतके घट्ट बांधले आहे, की सराईत स्वयंपाकी म्हटले तरी चोरीचा वास येतो. पटाईत या दोहोंच्या मधला, घरगुती लबाडीचा शब्द. म्हणूनच ‘पोरगी बोलण्यात पटाईत आहे हो’ या आजीच्या वाक्यात तक्रार किती आणि अभिमान किती, हे तिच्या सुरावरूनच ठरवावे लागते.