गच्चीवरचा आठ : तेविसावा महिना

मिळाला! २६ जुलैचा ठिपका मिळाला.

आधीच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. वर्षभर घड्याळाच्या एकाच वेळी सूर्याचा कवडसा टिपत गेलं की ठिपक्यांचा इंग्रजी आठ होतो, तोच मी गच्चीवर काढतोय. पुण्यात गच्चीवर एल आकाराच्या लोखंडी पट्टीच्या टोकाला वायसर बसवलाय, जमिनीपासून बरोबर ५० सेंटिमीटरवर. त्याच्या भोकातून ओळंबा सोडला, तो टेकला तिथे शून्यबिंदू. दर रविवारी १२ वाजून ३५ मिनिटांनी वायसरच्या सावलीत पडणाऱ्या उजेडाच्या कवडशाच्या मध्यावर ठिपका द्यायचा. पहिल्या पावसाळ्यात प्लायवुड फुगलं आणि नऊ महिन्यांचे ठिपके गेले. मग ऑक्टोबरपासून शहाबादी फरशीवर पुन्हा सुरुवात केली. फरशीच घ्या, मंडळी.

१२:३५ च का? आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि पुणे ७३.९ वर, म्हणून इथली सरासरी मध्यान्ह सुमारे ३५ मिनिटं उशिरा. पण सूर्य त्या सरासरीला जुळत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १२:१८ लाच माथा ओलांडतो, फेब्रुवारीच्या मध्याला १२:४९ ला. पृथ्वीचा आस २३.४ अंश कललेला, कक्षा लंबवर्तुळाकार. दोन्हींचा परिणाम एकत्र होऊन इंग्रजी आठ तयार होतो. त्याचा मोठा फुगा फरशीवर पावणेआठ सेंटिमीटर रुंद आलाय.

डिसेंबरात कवडसा शून्यापासून ४५ सेंटिमीटर उत्तरेला गेला आणि तिथेच रेंगाळला. १४ ते २८ डिसेंबरचे तीन ठिपके पूर्व-पश्चिम सरकले, पण शून्यापासून उत्तरेला जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. मार्चमध्ये हाच कवडसा आठवड्याला पावणेतीन सेंटिमीटर दक्षिणेकडे सरकत होता! आणि संक्रांतीला मोजलं तर तो तीन सेंटिमीटर परत आलेला. उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच लागलेलं असतं, अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या आसाची दिशा हळूहळू बदलत असल्यामुळे, संक्रांत मागे राहिलीय, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पट्टीवर ते तीन सेंटिमीटर बघताना अंगावर काटा आला.

आता लहान फुगा. एप्रिल ते ऑगस्टचा, जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद, आणि नेमका पावसाळ्यात. मेच्या मध्यातला ठिपका शून्यबिंदूच्या ७ मिलिमीटर पूर्वेला आहे. शून्य सावलीचेच, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचेच ते दिवस, पण सूर्य १२:३१ लाच माथ्यावर येऊन गेलेला. जूनच्या मध्यापासून मात्र एकही ठिपका मिळाला नव्हता.

परवा सव्वाबारापासून छत्री घेऊन उभा होतो. १२:३३ ला ढग विरळ झाले, फरशीवरचं पाणी हाताने निपटलं, आणि वायसरखाली आधी फिकट, मग स्वच्छ गोल उमटला. जेमतेम दोन मिनिटं. ठिपका शून्याच्या १३ मिलिमीटर पश्चिमेला, ८ मिलिमीटर दक्षिणेला. सूर्य आपल्या उत्तरेला असल्याचा हा फरशीवरचा पहिला पावसाळी पुरावा.

ओल्या दगडावर ऑइलपेंट धरत नाही, म्हणून खिळ्याने कोरून ठेवलाय. आता ऑगस्टअखेरीस रेघ जिथे स्वतःलाच छेदते, तो ठिपका हवा. कोकणात किंवा मराठवाड्यात कुणी असं मांडलं असेल तर तुमची १२:३५ ऐवजी कोणती वेळ धरलीत तेवढं कळवा.