शेजारच्या टेबलावरचा गठ्ठा

लिपिक-टंकलेखक म्हणून निवड झाली, तहसील किंवा जिल्हा परिषदेच्या कार्यालयात हजर झालात, आणि आठवडाभरात ध्यानात आलं की शेजारचे भाऊसाहेब दिवसाला दोन कागद हलवतात आणि उरलेले हळूच तुमच्याकडे सरकवतात. त्यांना सुधारायच्या फंदात पडू नका. पंधरा-वीस वर्षांत जे साहेबांना जमलं नाही ते परिविक्षेतल्या (प्रोबेशनवरच्या) पोराला जमणार नाही. तुम्हाला करता येण्यासारखं एकच आहे: कुठला कागद कुठल्या तारखेला कुणाच्या टेबलावर होता, हे कुणालाही दिसेल अशी व्यवस्था ठेवायची. सरकारी कार्यालयात कामचुकारपणा शब्दांनी सिद्ध होत नाही, तारखांनी होतो.

पण आधी माणूस खरंच कामचुकार आहे का, हे बघा. टेबलावर ढीग दिसला म्हणजे काम तुंबलंय असं नसतं. सहा गठ्ठे पद्धतीत प्रलंबित प्रकरणांचा गठ्ठा वेगळा आणि प्रतीक्षाधीन प्रकरणांचा वेगळा. (उरलेले चार म्हणजे नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि नष्ट करायचे 'ड' वर्गातले कागद.) नस्ती (म्हणजे प्रकरणाची फाईल) उघडून शेवटचा कागद पाहा. तो जावक क्रमांक पडलेलं पत्र असेल, तर भाऊसाहेब दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तराची वाट बघतायत. त्यांची चूक असलीच तर स्मरणपत्र न काढल्याची. शेवटचा कागद आवक असेल आणि त्यावर टिपणीच नसेल, तर मात्र तो कागद तिथेच बसलाय.

तिसरा प्रकार नवख्यांना ओळखू येत नाही: नस्ती फिरत असते, पण पुढे जात नाही. आज अभिप्रायासाठी लेखा शाखेकडे, परवा आणखी एक कागद मागवून अर्जदाराकडे. याला लोक आळस म्हणतात, पण बहुतेक वेळा ती भीती असते. कधीतरी लेखापरीक्षणात आक्षेप निघालेला असतो, वसुली किंवा विभागीय चौकशी झालेली असते, आणि तेव्हापासून हात सहीला धजत नाही. अशा माणसाला टोचून उपयोग नसतो. याच कार्यालयात आधी मंजूर झालेली तशीच एखादी नस्ती अभिलेखातून काढून समोर ठेवा. पूर्वीचा दाखला दिसला की हा माणूस लिहितो.

अट्टल कामचुकाराचा आसरा आणखी वेगळा असतो, तो म्हणजे 'चर्चा करावी' हा शेरा. साहेबांनी तो लिहून नस्ती परत पाठवली की दप्तरी ती लिपिकाकडेच असते, पण विचारलं की उत्तर तयार, 'साहेबांना वेळच नाही'. महिनोन् महिने असे जातात. तुमच्या नस्तीवर हा शेरा पडला तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आत जा, आणि बाहेर आल्यावर लगेच टिपणीत लिहा: 'दि. अमुक रोजी चर्चा झाली, निर्देशानुसार सुधारित प्रारूप सादर.'

सगळ्यात मोठी चूक मात्र पहिल्याच दिवशी होते. कार्यभार घेताना. कामचुकाराचं टेबल तुमच्याकडे आलं असेल तर कपाटाची किल्ली आणि शिक्का घेऊन 'बाकीचं बघू हळूहळू' असं म्हणू नका. कार्यभार यादी करा. तीत चालू नस्त्यांची संख्या, नोंद न झालेलं टपाल, माहिती अधिकाराचे अर्ज अर्जाच्या तारखेसह, न्यायालयीन प्रकरणं पुढच्या तारखेसह, लेखापरीक्षणाचे अनुत्तरित परिच्छेद, विधिमंडळ प्रश्न, नोंदवह्या आणि किल्ल्या हे सगळं यायला हवं. तीन प्रती काढा: देणाऱ्याला एक, तुम्हाला एक, कार्यालयाला एक. खण उघडून बघा, गादीखाली बघा (हसू नका, निवेदनं तिथेही निघतात). समोरचा सही द्यायला टाळाटाळ करत असेल तर भांडण नको. प्रत्यक्ष आढळलेल्या प्रकरणांची यादी जोडून कार्यालयप्रमुखांच्या नावे साधं पत्र लिहा आणि बारनिशीतून (टपालाची नोंद होते त्या शाखेतून) आवक क्रमांक घ्या. तुमच्या आधी झालेल्या विलंबाचे दिवस त्या क्रमांकापाशी थांबतात. ही यादी नसेल तर सहा महिन्यांनी मागचे सगळे दिवस तुमच्या खात्यावर.

त्याबरोबर कामकाज वाटप आदेशाची प्रत मागून घ्या. कोणता विषय कुणाच्या संकलनात (म्हणजे कुणाच्या टेबलाकडे) आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. 'हे तुमचंच काम आहे, आधीपासून या टेबलाकडेच होतं' या वाक्याला तेवढा एक कागद पुरतो.

आता रोजचा त्रास. 'तुला कॉम्प्युटर येतो, एवढं टाईप करून दे.' पहिल्यांदा द्यावं, आनंदानं द्यावं. ज्येष्ठ माणसाला पहिल्याच आठवड्यात नकार दिला तर पुढे नियम, जुने दाखले, कुठलं प्रपत्र कुठे मिळतं हे कोण सांगणार? फक्त दोन गोष्टी सांभाळा. मजकूर त्यांनी सांगावा, तुम्ही टंकावा. आणि टिपणीखाली लघुस्वाक्षरी त्यांचीच असावी. विषय ज्याचा, सही त्याची. तिसऱ्या-चौथ्या वेळी म्हणा, 'भाऊसाहेब, साचा तुमच्या संगणकावर ठेवलाय. नाव, गाव आणि तारीख बदलायची, बाकी तसंच.' त्यांनी तो वापरला तर छानच. नाही वापरला तर पुढच्या वेळी सांगायला तुमच्याकडे जागा आहे: 'माझा गोषवारा आज द्यायचाय, उद्या दुपारनंतर बसू.' नाही म्हणायचं नाही, वेळ आपली द्यायची. फुकटचं काम उद्यावर गेलं की त्यातलं निम्मं आपोआप आटतं.

ई-ऑफिसचा (नस्त्या संगणकावर फिरतात त्या प्रणालीचा) पासवर्ड मात्र घ्यायचा नाही आणि द्यायचाही नाही. 'माझ्या लॉगिनमधून पुढे ढकल' म्हणणारे बरेच भेटतात. नस्ती कधी आली आणि कधी गेली याची नोंद तिथे आपोआप होते, आणि ती लॉगिन ज्याचं त्याच्या नावावर. त्यांच्या लॉगिनमधून तुम्ही केलेल्या चुकीला ते तुमचं नाव घेतील, आणि ते नाव पुसायला तुमच्याकडे काहीच नसेल. रजेवर जाताना 'माझं टेबल बघ' म्हणाले तर अतिरिक्त कार्यभाराचा आदेश निघू द्या. साहेबांनी तोंडी सांगितलं असेल तर त्याच दिवशी छोटी टिपणी ठेवा: 'आपल्या तोंडी आदेशानुसार अमुक संकलनाचे तातडीचे टपाल पाहत आहे, आदेशास पुष्टी मिळावी.' तोंडी आदेशाची लेखी पुष्टी मागणं हा आगाऊपणा नाही, वर्तणूक नियमांना तेच अपेक्षित आहे.

खरी अडचण येते ती तुमचं काम त्यांच्या माहितीवर अडतं तेव्हा. समजा माहिती अधिकाराचा अर्ज तुम्ही हाताळताय आणि निम्मी माहिती शेजारच्या संकलनात आहे. मुदत 30 दिवसांची, आणि दंड दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000. नवा माणूस तोंडी आठवण करत राहतो आणि अठ्ठाविसाव्या दिवशी रडकुंडीला येतो. अर्ज आला त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच जन माहिती अधिकाऱ्यांच्या सहीनं लेखी मागणी काढा आणि तीत कलम 5(4) व 5(5) यांचा उल्लेख ठेवा. या कलमांनुसार ज्याच्याकडे मदत मागितली त्याने ती द्यायला हवी, आणि कसूर झाली तर तोही माहिती अधिकारीच धरला जातो. हे वाचलं की गठ्ठ्यातली नस्ती दुपारपर्यंत सापडते, असा अनुभव बहुतेक कार्यालयांतले लोक सांगतील. दहाव्या दिवशी पहिलं स्मरण, सतराव्या दिवशी दुसरं, त्यानंतर टिपणी वर.

त्या टिपणीत विशेषणं नकोत. 'सहकार्य करत नाहीत', 'जाणीवपूर्वक टाळाटाळ' असं लिहिलंत की चर्चा तुमच्या स्वभावावर जाते. लिहायचं एवढंच: 'अर्ज दि. 3 रोजी प्राप्त. माहिती संबंधित संकलनाकडून दि. 4 रोजी मागवली. दि. 13 व दि. 20 रोजी स्मरण दिले. अद्याप अप्राप्त. मुदत पुढील महिन्याच्या दि. 2 रोजी संपते. आदेशार्थ सादर.' वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळतं.

इतर नस्त्यांसाठी 2005 चा विलंब प्रतिबंध अधिनियम आहे. त्याच्या कलम 10 प्रमाणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. तातडीची शक्यतो चार दिवसांत आणि तत्काळची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. ही मुदत टेबलागणिक आहे, म्हणून तुमची कार्यविवरण नोंदवही (आलेल्या आणि निकाली काढलेल्या कागदांची वही) रोज लिहिलेली हवी. शनिवार-रविवार सुट्टी असल्यामुळे शुक्रवारी साडेपाचला गोषवारा काढायची सवय लावा: आठवड्यात किती आले, किती निकाली, किती शिल्लक. शिल्लकपैकी दुसऱ्या टेबलावर अडलेली किती, हा रकाना स्वतःहून वाढवा. कुणाचं नाव न घेता तो रकाना दर आठवड्याला साहेबांसमोर जातो.

तक्रार अशी ती कधी करायची? पहिले दोन-तीन महिने करू नका. त्या माणसाबरोबर सगळ्यांनी वर्षं काढलेली असतात. त्याचा आळस त्यांच्या सवयीचा झालाय, तुमची तक्रार मात्र नवी असते. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर बोलूच नका, तिथले स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत सगळ्या कार्यालयात फिरतात. वेळ आलीच तर आधी अव्वल कारकुनांशी किंवा अधीक्षकांशी, दार लावून, आणि माणसाबद्दल नाही तर तीन-चार नस्त्यांबद्दल बोला. लोकशाही दिनाच्या (लोकांच्या तक्रारी अधिकारी समोर ऐकतात त्या दिवसाच्या) आदल्या आठवड्यात साहेबांना प्रलंबित अर्जांची काळजी असतेच. तालुक्याला तो तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याला पहिल्या सोमवारी असतो. त्या वेळी मांडलेला विषय ऐकला जातो.

एक धोका यातही आहे. तुमचा निपटारा चांगला दिसू लागला की टपाल मार्क करताना साहेबांचं पेन आपसूक तुमच्या नावाकडे वळतं. काम करणाऱ्यालाच काम, हा रिवाज कुठल्याच शासन निर्णयात नाही, पण पाळला सगळीकडे जातो. दुसऱ्याचा विषय सलग तीनदा तुमच्याकडे मार्क होऊन आला तर गप्प बसू नका. 'साहेब, हा विषय वाटप आदेशात त्या संकलनाकडे आहे. मी करतो, पण आदेशात तशी दुरुस्ती व्हावी.' दुरुस्ती झाली तर काम रीतसर तुमचं आणि त्याचं श्रेयही तुमचं. नाही झाली तर कागद मूळ टेबलावर जातो.

आणि मार्चमध्ये सावध राहा. बदल्या एप्रिल-मेमध्ये निघतात. बिगर-सचिवालयीन (मंत्रालयाबाहेरच्या) गट क कर्मचाऱ्याचे तीन-तीन वर्षांचे दोन पदावधी भरले की तो त्या कार्यालयातून हलतो, आणि त्याचं टेबल बहुधा जवळच्या हाताकडे येतं, म्हणजे तुमच्याकडे. भाऊसाहेबांना सहावं वर्ष चालू असेल तर मार्चअखेरीसच अधीक्षकांना सुचवा की कार्यमुक्तीचा आदेश कार्यभार यादीवर सही झाल्यावरच द्यावा. कार्यमुक्त झालेला माणूस सहीसाठी परत येत नाही.